मिसरी, हिरड्या आणि शुगर: घरातल्या माणसाचं तोंड कसं सांभाळायचं

माझ्या आईची शुगर दोन वर्षं गोळ्या चालू असून खाली येत नव्हती. गोड बंद केलेलं, भात कमी केलेला, संध्याकाळी आमच्या विडी घरकुल वसाहतीतल्या रस्त्यावर अर्धा तास चालणं पण सुरू केलेलं, तरी उपाशीपोटी १८० च्या खाली आकडा कधी दिसला नाही आणि तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीएवनसी) ९.२. गोळी वाढवली, परत तेच. मग एक दिवस जेवताना खालचा पुढचा दात हलतोय म्हणून तिनं भाकरी बाजूला ठेवली, तेव्हा मी पहिल्यांदा मोबाईलचा टॉर्च लावला आणि म्हटलं आ कर बघू. खालच्या ओठामागची हिरडी पार खाली उतरलेली, दातांची पिवळी मुळं उघडी, मुळांना काळं किटण चिकटलेलं, आणि बोटानं हिरडी जरा दाबली तर कडेनं पांढरा पू आला. चाळीस वर्षं ती रोज त्याच जागी मिसरी, म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखू, लावतेय. दोन वर्षांत इतक्या वेळा रक्त तपासलं पण तोंड उघडा असं कुणी म्हटलं नाही, आणि मी तिची मुलगी असून मी पण म्हटलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून हे लिहितेय. आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका हजारोंनी आहेत, यंत्रमागावर नाईट शिफ्ट करणारे आहेत, आणि मिसरी नाहीतर तंबाखूची पुडी नाहीतर मावा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेला) यातलं काहीतरी जवळजवळ प्रत्येक घरात कुणाकडं तरी सापडतंच. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात साधारण दर ४ मोठ्या माणसांमागं १ जण न ओढायची तंबाखू वापरतो असं निघालं होतं. त्यात शुगर घरोघरी. तंबाखू, शुगर आणि बिघडलेल्या हिरड्या हे तिन्ही एकाच माणसात असलं तर तिघांवर एकत्रच काम करावं लागतं, एकेकटं धरून काही होत नाही, हे मला आईच्या बाबतीत दिसलं.

आधी हे एकमेकांत अडकतात कसं ते थोडक्यात सांगते, कारण घरच्या माणसाला पटवायचं असेल तर हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. शुगर जास्त असली की हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, जंतूंशी लढायची ताकद कमी होते, तोंड कोरडं पडतं, लाळेत पण साखर वाढते, म्हणून हिरड्या लवकर सुजतात आणि जखम भरत नाही. आता उलटीकडून बघा, हिरडीत पू असला की ती सूज नुसती तोंडात राहत नाही, तिच्यातून निघालेली द्रव्यं रक्तात जातात आणि इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत, म्हणून शुगर चढते. आजार फार वाढलेला असेल तर सगळ्या दातांभोवतीच्या खोबणींमधली आतली जखम एकत्र पसरली तर तळहाताच्या आसपास भरू शकते. एवढी पुवाळलेली जखम शुगरवाल्या माणसाच्या पायाला झाली असती तर आपण त्याच दिवशी रिक्षा करून दवाखाना गाठला असता, तोंडातली मात्र दिसत नाही म्हणून वर्षानुवर्षं तशीच राहते.

आणि तंबाखू दोन्हीकडून मारते. निकोटिननं अंगातलं अ‍ॅड्रेनालिन वाढतं, लिव्हर साखर बाहेर सोडतं, इन्सुलिनचं काम मंदावतं. जिथं तंबाखूचा बार धरतो तिथली हिरडी सरकत जाते, चुन्यानं आतली कातडी भाजते आणि भाजलेल्या कातडीतून निकोटिन अजून पटापट आत शिरतं. एक गोष्ट फार फसवी आहे, निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात म्हणून तंबाखू खाणाऱ्याच्या हिरडीतून रक्त बऱ्याचदा येतच नाही किंवा कमी येतं, मग तो म्हणतो माझ्या हिरड्या एकदम मजबूत आहेत, तंबाखूनं दात चांगले राहतात. आई पण हेच म्हणायची, मिसरी लावली की ठणका थांबतो. थांबतो म्हणजे नुसती जागा बधिर होते, आतला आजार चालूच राहतो.

आता कामाला लागू. पहिलं काम घरीच करायचं, टॉर्च घेऊन तोंड बघायचं. दिवसा उजेडात खिडकीजवळ बसवा, कवळी असेल तर काढायला सांगा, चूळ भरून घ्या. खालचा ओठ पुढं ओढून बघा, मग वरचा, मग दोन्ही गाल आतून बोटानं ताणून, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जिभेखाली, टाळू. हिरडी गुलाबी आणि दाताला घट्ट असेल तर ठीक, लाल नाहीतर जांभळट, फुगलेली, दातापासून सुटलेली असेल तर आजार आहे. दात पूर्वीपेक्षा लांब दिसतात का, मधे फटी पडल्या का, बोटानं हलवला तर हलतो का, दाबल्यावर पू येतो का, सकाळी उठल्यावर तोंडाला घाण वास येतो का, हे सगळं बघा. आणि ज्या बाजूला तंबाखू धरतात ती जागा नीट दोनदा बघा.

माझे मामा यंत्रमागावर होते, मागाच्या खडखडाटात रात्रभर कुणाशी बोलता येत नाही, झोप येऊ नये म्हणून डाव्या गालात कायम बार. त्यांच्या डाव्या गालात आतून दुधाची साय वाळल्यासारखा पांढरा चट्टा होता, पुसला तरी जात नव्हता, आणि त्यांना तो कधी दुखला नाही. असा पांढरा किंवा लाल चट्टा, तोंडातली दोन-तीन आठवडे न भरलेली जखम, गाठ, तिखट खाल्लं की होणारी भयानक आग, किंवा स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जाण्याइतकं तोंड न उघडणं, यातलं एकही दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं त्याच आठवड्यात जा. मावा आणि सुपारीवाल्यांचं तोंड हळूहळू आवळत जातं, आणि एकदा आवळलं की पूर्ण पहिल्यासारखं होत नाही. मामांचा तुकडा काढून तपासला, कॅन्सर नव्हता, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुडी चालू राहिली तर पुढचं सांगता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, तिथली ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवही १९८७ पासून चालू आहे, म्हणजे या तपासणीसाठी मुंबईच गाठली पाहिजे असं नाही. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो असं आपल्याकडं सर्रास बोलतात, ते खरं नाही, त्या भीतीपायी लोकं सहा-सहा महिने घालवतात.

दुसरं काम शुगरचे आकडे कागदावर आणायचे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, तीन महिन्यांची म्हणजे एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त, ही मधुमेहाची हद्द. १०० ते १२५ आणि ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर. ज्याला कधी शुगर निघालीच नाही पण हिरड्या वाईट आहेत आणि वय तिशीच्या पुढं आहे त्यानं पण तपासून घ्यावं, सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या लोकांची शुगर, बीपी आणि तोंडाची तपासणी होते, पैसे लागत नाहीत. घरी मशीन असेल तर बोट टोचायच्या आधी साबणानं हात धुवून पूर्ण कोरडे करा. विड्या वळणाऱ्यांच्या बोटांची टोकं दोऱ्यानं आणि पानानं घट्टे पडून कडक झालेली असतात, मधोमध टोचलं तर रक्तच येत नाही आणि मग दाबून दाबून काढलेल्या थेंबानं आकडा चुकतो, म्हणून बोटाच्या कडेला टोचायचं, आधी हात खाली सोडून जरा झटकायचा. आणि अंगात रक्त कमी असेल तर तीन महिन्यांच्या शुगरचा आकडा फसवू शकतो, बायकांमध्ये हे खूप असतं, तर हिमोग्लोबिन पण त्याच वेळी करून घ्या आणि दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा.

तिसरं, दातांचा डॉक्टर. सिव्हिलमध्ये म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात दातांचा विभाग आहे, खाजगी तर गल्लोगल्ली आहेत. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर कामगारांसाठीच्या सरकारी दवाखान्यात काय सोय आहे ते पण विचारा, आमच्याकडं कार्ड पेटीत पडून होतं आणि आम्ही कधी विचारलंच नाही. जाताना सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून आणि नेहमीची गोळी घेऊन जा, उपाशी जाऊ नका, शुगर खाली जाऊन चक्कर येते. डॉक्टरांना न विचारता स्वतःहून सांगा: शुगर आहे, ताजा आकडा हा, गोळ्या या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, आणि तंबाखू किती. तंबाखूचं लपवू नका, त्यांना तोंड बघून कळतंच.

आईला आधी एका ठिकाणी नेलं होतं तिथं शुगर किती आहे हे न विचारताच दाढ काढून मोकळे झाले, ती जखम तीन आठवडे भरली नाही, त्या तीन आठवड्यात शुगर अजून चढली. म्हणून सांगते, काढायची घाई करणाऱ्याला थोडं थांबवा आणि विचारा की सफाई करून वाचतोय का. अर्थात सूज गालावर आली असेल, ताप असेल, पू साचला असेल, गिळताना त्रास होत असेल, तर शुगर खाली यायची वाट बघत घरी बसायचं नाही, लगेच जायचं. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणि दुखायची गोळी घेत बसणं हे तर अजिबात नको, शुगरवाल्यांच्या किडनीला दुखायच्या गोळ्या जड जातात.

डॉक्टर एका बारीक खुणांच्या सळईनं दात आणि हिरडीमधली खोबण मोजतात. १ ते ३ मिलिमीटर ठीक, ४ आणि पुढं म्हणजे आजार. मग साधी सफाई किंवा हिरडीच्या आत जाऊन खोल सफाई, खोल सफाई भूल देऊन दोन-चार वेळा बोलावून करतात. सफाई केली की दात सैल होतात हे तुम्हाला शेजारची प्रत्येक बाई सांगणार, मला पण सांगितलं. होतं काय की वर्षानुवर्षं साठलेलं किटणच दातांना एकमेकांशी सिमेंटसारखं धरून असतं, ते निघालं की फटी मोकळ्या दिसतात, सूज उतरली की हिरडी आकसते आणि दात लांब वाटतात, आठ-पंधरा दिवस गार पाण्याला कळ येते. आईनं दुसऱ्या दिवशी मला रडवेलं होऊन सांगितलं की तू माझे दात घालवलेस. तिसऱ्या आठवड्यात तोच हलणारा दात बराचसा घट्ट झाला होता. सगळेच होत नाहीत, गेलेलं हाड बहुतेक परत येत नाही, एक दात शेवटी काढावाच लागला, पण बाकीचे राहिले.

आणि शुगरला याचा किती फायदा? खोटी आशा देत नाही. हिरड्यांचे नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरतो असं अभ्यासांमधून दिसलंय, काही जणांमध्ये जास्त, काहींमध्ये काहीच नाही. गोळ्या बंद करायला हे कारण नाही. आईचा ९.२ वरून ७.७ झाला, त्यात हिरड्या, मिसरी सुटणं, डॉक्टरांनी बदललेली गोळी, सगळ्याचा वाटा आहे, कुणाचा किती ते वेगळं काढता येत नाही.

आता सगळ्यात अवघड काम, तंबाखू सोडवणं. इथं जरा सावकाश वाचा.

सोडा सोडा म्हणून डोकं खाऊन कुणी सोडत नाही. आधी चार दिवस फक्त लिहून काढा की केव्हा केव्हा आणि कशासाठी. आम्ही कॅलेंडरच्या मागं रेघा मारल्या. आईच्या निघाल्या सहा: उठल्या उठल्या, चहानंतर, सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसताना, जेवल्यावर, दुपारी झोप यायला लागली की, आणि रात्री. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर सवय पक्की आहे, अशा माणसाला नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला लावणं अवघड जातं, औषधाची मदत घ्या. आणि प्रत्येक रेघेमागचं कारण वेगळं असतं. पहाटेच्या मिसरीचं तिचं कारण होतं की त्याशिवाय पोट साफ होत नाही. हे खोटं नाही, निकोटिननं आतड्याला चालना मिळते आणि सोडल्यावर पहिला-दुसरा आठवडा खरंच गच्च होतं. त्यासाठी आदल्या रात्रीपासूनच तयारी करायची, झोपताना इसबगोल भरपूर पाण्यातून, उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि काकडी. ज्या दिवशी तिचं मिसरीशिवाय पोट साफ झालं त्या दिवशी अर्धी लढाई झाली, माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

तारीख ठरवा, दोन आठवड्यांच्या आतली. घरात लग्न, गड्ड्याची जत्रा, पाहुणे असले दिवस टाळा. त्या दिवसापर्यंत एकेक रेघ कमी करत आणायची, सगळ्यात सोपी आधी. आईची दुपारची आधी गेली, पहाटेची सगळ्यात शेवटी. ठरलेल्या दिवशी घरातली मिसरीची डबी, चुन्याची डबी, उशीखालची पुडी सगळं काढून टाकायचं, आणि तव्यावर तंबाखू भाजणं बंद. तो काळा खमंग वास आला की शेजारणीला पण तलफ येते, म्हणून गल्लीत भाजणाऱ्या मावशींना हात जोडून सांगा की दोन आठवडे तरी आमच्या दारात नको. आमच्या शेजारच्या अक्कांनी ऐकलं, वर महिन्याभरानं त्या स्वतः विचारायला आल्या की तुझ्या आईनं कसं केलं गं.

विड्या वळणाऱ्यांचा एक वेगळाच प्रश्न आहे. दिवसभर हात तंबाखूतच, धूळ नाकात, हाताच्या कातडीतून पण निकोटिन थोडं थोडं अंगात जातं, म्हणजे मिसरी सोडली तरी समोर सूपभर तंबाखू आहेच. काम सोडा असं मी सांगू शकत नाही, हजार विड्यांच्या मजुरीवर ज्यांचं घर चालतं त्यांना ते सांगणं बरोबर नाही. पण सूप झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या जागेपासून लांब ठेवता येतं, दारात वाऱ्याला बसता येतं, नाकाला स्वच्छ फडका बांधता येतो, आणि जेवायच्या, पाणी प्यायच्या, तोंडाला हात लावायच्या आधी साबणानं हात धुता येतात. विडी वळून उठलं की साडीचा पदर झटकून हातपाय धुणे, एवढं आईनं अंगवळणी पाडलं.

तलफ आली की ती तीन ते पाच मिनिटं जोरात असते, मग उतरते. तेवढी पाच मिनिटं काढायची आहेत एवढंच डोक्यात ठेवायचं. घोट घोट पाणी, दहा लांब श्वास, जागेवरून उठून दुसरं काम, कुणाशी तरी बोलणं. तोंडात काहीतरी लागतंच, तर भाजलेली बडीशेप, ओवा, वेलची ठेवा, छोट्या डबीत भरून कमरेला, जिथं मिसरीची डबी असायची तिथंच. रंगीत गोड बडीशेप, आवळा कँडी, चॉकलेट, गोड सुपारी हे नको, पहिल्यांमुळं शुगर चढेल आणि सुपारी तर स्वतःच कॅन्सर करणारी आहे, तंबाखू नसली तरी. चहाचं पण बघा, तंबाखू सुटली की लोकं दिवसाला सहा-सहा कप गोड चहा प्यायला लागतात.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, डोकं दुखणं, झोप न येणं, उगाच रडू येणं. घरातल्यांनी त्या दिवसात वाद घालायचे नाहीत, कामं वाटून घ्यायची. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. तेवढ्यात हिरडीतून रक्त यायला लागू शकतं, घाबरू नका, आकसलेल्या रक्तवाहिन्या मोकळ्या झाल्या की दडलेली सूज दिसायला लागते, आईला वाटलं मिसरी सोडली म्हणूनच हिरड्या बिघडल्या आणि ती परत लावायला निघाली होती. नीट ब्रश आणि सफाई चालू असली की हे रक्त कमी होत जातं.

औषधाचं म्हणाल तर निकोटिनचं च्युइंग गम मेडिकलमध्ये २ मिलिग्रॅमचं मिळतं, ४ चं डॉक्टरांनी लिहून द्यावं लागतं. ते साध्या च्युइंगमसारखं सतत चावायचं नसतं, हळूहळू चावायचं, झणझण लागली की गालात ठेवायचं, झणझण गेली की परत चावायचं, असं अर्धा तास. त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको. बिनसाखरेचं मागा. दात हलत असतील किंवा कवळी असेल तर गम जमत नाही, त्यांनी चघळायची गोळी किंवा अंगाला चिकटवायची पट्टी याबद्दल डॉक्टरांना विचारायचं. नुकताच हार्टचा त्रास झालेला असेल, गरोदर असेल, तर विचारल्याशिवाय काहीच नको. तंबाखू सोडायला फोनवर मोफत मदत मिळते, १८००-११-२३५६, हा नंबर तंबाखूच्या पाकिटावर पण छापलेला असतो, मामांनी तिथूनच बघून लावला.

आणि शुगरवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. तंबाखू सुटल्यावर इन्सुलिन जास्त चांगलं काम करायला लागतं, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांची शुगर एकदम खाली जाऊ शकते. सोडायची तारीख आधी डॉक्टरांना सांगा, पहिले काही आठवडे जास्त वेळा तपासा. घाम फुटला, हात थरथरले, एकदम भूक लागली आणि आकडा ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, मग काहीतरी खायला. हीच लक्षणं तलफेसारखी पण वाटतात, म्हणून अंदाज न करता मशीन लावून बघा.

मधेच एखादा दिवस घसरलं, कुणाच्या मयतीला गेले आणि तिथं कुणी बोटावर मिसरी दिली, असं होतं. आईचं दोनदा झालं. त्यावर ओरडायचं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत सुरू.

ब्रशचं थोडक्यात सांगते. मिसरी, राख, कोळसा, विटेची पूड, नुसतं मीठ खसाखसा घासणं सगळं बंद. मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा दोन मिनिटं, त्यातलं रात्रीचं जास्त महत्त्वाचं. ब्रश तिरका धरून केस दात आणि हिरडीच्या फटीकडं करायचे आणि जागच्या जागी हलके हलवायचे, भांडं घासल्यासारखं नाही. ज्यांनी आयुष्यभर बोटानंच घासलं त्यांना ब्रश धरता येत नाही, आरशासमोर उभं करून त्यांचा हात हातात धरून शिकवा, मी आईला आठ दिवस तसं शिकवलं, लहानपणी तिनं मला पाटीवर गिरवायला शिकवलं तसंच. झाल्यावर पेस्ट थुंकून टाकायची आणि भराभरा चुळा भरायच्या नाहीत, फ्लोराइड दातावर राहू द्यायचं. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, तर हे सोयीचंच आहे. दातांमध्ये मोठ्या फटी असतील तर त्यात जाणारा छोटा ब्रश मिळतो, टाचणी आणि काडी घालू नका. कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या चालतात. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचं गुळण्यांचं लाल नाहीतर गुलाबी औषध दिलं तर सांगितलेल्या दिवसांपुरतंच, ते जास्त दिवस वापरलं की दात काळपट होतात, आणि पेस्टनंतर अर्धा तास जाऊ द्यायचा. लहान पोरांचे दात येताना हिरडीला मिसरी चोळणारी आजी घरात असेल तर तिला प्रेमानं पण ठामपणे थांबवा.

जेवणाचं एक सांगायचं राहिलं. दात दुखायला लागले की माणूस पहिली सोडतो ती ज्वारीची भाकरी, मग कच्च्या भाज्या, मग शेंगदाणे, आणि त्यांच्या जागी येतो मऊ भात, चहात बुडवलेली खारी, पाव. आईचं दोन वर्षं हेच चाललं होतं, आम्हाला वाटलं भात कमी केलाय पण खारी मोजलीच नव्हती. कडक भाकरी चावत नसेल तर ताजी मऊ भाकरी आमटीत कुस्करून, काकडी-गाजर किसून, पिठलं, मऊ शिजवलेल्या डाळी, अंडं असं चालू ठेवा. शेंगा चटणी खाल्ली की तिचे कण फटीत बसतात, लगेच चूळ. दात काढावे लागले असतील तर जखम भरल्यावर कवळी नाहीतर दुसरा उपाय करून घ्या, बोळक्या तोंडानं शुगरचं पथ्य पाळता येत नाही.

खोल सफाईनंतर सहा-आठ आठवड्यांनी परत मोजणी, मग दर तीन महिन्यांनी दातांचा डॉक्टर आणि तीन महिन्यांची शुगर. हे दोन्ही एकाच आठवड्यात येईल असं बसवा म्हणजे चुकत नाही. आम्ही कॅलेंडरवर पुढची तारीख आधीच लाल पेननं गोल करून ठेवतो, आणि जाताना एकाच पिशवीत शुगरची फाईल, गोळ्यांची पाकिटं आणि मिसरी कधी सोडली, मधे कधी घसरलं ते लिहिलेला कागद नेतो, म्हणजे दोन्ही डॉक्टर एकच कागद बघतात.